सांत्वनाची बारा गायने: मिरजेतल्या प्रकल्पाच्या नोंदी

4 ऑगस्ट 2025

काम ठरले. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चच्या सभासदांतल्या) लोकांच्या सगळ्यात आवडीची, दुःखात आणि आजारपणात मागितली जाणारी बारा गायने निवडायची. ती मोठ्या अक्षरांत छापायची, थकलेल्या गळ्याला झेपतील अशा पट्टीत बसवायची आणि साध्या साथीवर ध्वनिमुद्रित करायची. 2 नोव्हेंबरला दफनभूमीत स्मरणाची प्रार्थना असते, त्याआधी पुस्तिका हातात हवी.

गरज उघड आहे. ‘उपासना संगीत’ हे ख्रिस्ती गायनांचे पुस्तक घरोघर आहे, पण त्याचा टाइप बारीक. घरी प्रार्थनेला गेले की ज्यांच्यासाठी गायचे तेच गप्प बसतात, कारण अक्षर दिसत नाही आणि पट्टी झेपत नाही. ऐकून धीर मिळतो हे खरे, पण स्वतःच्या तोंडून दोन ओळी निघाल्या की माणूस जास्त सावरतो. म्हणून प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी: खाटेवरचा माणूस हे गाऊ शकेल का?

मंडळीत चिठ्ठ्या वाटायच्या. चिठ्ठीवर दोनच प्रश्न: आवडीची तीन गायने कोणती, आणि ती कोणत्या वेळी हवीशी वाटतात? दुसरा प्रश्न महत्त्वाचा. नुसती आवड विचारली तर नाताळची गाणी वर येतात.

17 ऑगस्ट

चिठ्ठ्या वाचून झाल्या. निवड अशी: सात गायने पाश्चात्य चालीची, पाच देशी चालीची. देशी पाचांत रेव्हरंड टिळकांची अभंगवळणाची गायने आहेत. नारायण वामन टिळकांनी 1917 साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला आणि 1919 मध्ये ते वारले. त्यांची पदे या भागातल्या वडीलधाऱ्यांना पुस्तकाशिवाय पाठ असतात, आणि खाटेजवळ पाठ असलेलेच गायन कामाला येते.

पाश्चात्य चालीच्या गायनांत सगळ्यात जास्त मागणी ‘अबाइड विथ मी’च्या मराठी रूपाला. मूळ शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे, 1847 चे. ते स्वतः क्षयाने खंगलेले होते आणि त्याच वर्षी वारले. आज गातात ती ‘इव्हनटाइड’ चाल विल्यम हेन्री मंक यांनी 1861 मध्ये दिली. ज्या गावाशेजारी वानलेसवाडी आहे, जिथे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते, तिथल्या जुन्या कुटुंबांत हे गायन इतके रुजले यात नवल नाही.

हक्कांची तपासणीही आजच उरकली. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची 60 वर्षे धरतात, आणि मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून होते. लाइट, टिळक आणि निवडीतल्या आणखी दोन गायनांचे कवी स्क्रिव्हन, न्यूटन यांची अडचण नाही. ‘ग्रेट इज दाय फेथफुलनेस’चे कवी थॉमस चिझम 1960 मध्ये वारले, म्हणून त्यांचे शब्द 2021 पासून मोकळे. ‘हाऊ ग्रेट दाऊ आर्ट’ मात्र वगळावे लागले. त्याचे इंग्रजी शब्द लिहिणारे स्टुअर्ट हाइन 1989 मध्ये वारले, तेव्हा छापायला लेखी परवानगी लागेल. इथे चूक सहज होते: मूळ गीत मोकळे असले तरी मराठी अनुवाद मोकळा असतोच असे नाही. अनुवादकाचे वर्ष वेगळे पाहायचे.

23 ऑगस्ट

हार्मोनियम उघडली. पावसाळ्यात लाकूड फुगते, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. पट्ट्या काढून बाजूच्या कडा बारीक पॉलिशपेपरने हलक्या घासल्या. जास्त घासू नये, उन्हाळ्यात लाकूड आकसले की पट्टी खडखडते.

भात्याची गळती तपासायची सोपी रीत: भाता पूर्ण भरायचा, एकही पट्टी दाबायची नाही आणि तो किती वेळात बसतो ते पाहायचे. आपला झरझर बसत होता. घडीच्या कोपऱ्यावरचे चामडे फाटले होते, तिथे पातळ चामड्याचा तुकडा सरसाने बसवला आणि रात्रभर वजन ठेवले. गळक्या भात्याचा खरा तोटा वेगळाच आहे. वाजवणारा जोरात भाता मारतो, सूर मोठा होतो आणि खाटेवरच्या माणसाचा आवाज त्याखाली दबतो.

एक सूर मुका होता. जिभेखाली (सूर देणाऱ्या पितळी पातीखाली) धूळ अडकली होती. पातळ कागद जिभेखालून एकदा सरकवला, सूर बोलू लागला. पिना, सुया घालू नयेत, पितळ वाकते. दोन सूर उतरलेले होते, ते टोकाकडे अगदी हलके खरवडून चढवले. मुळाकडे खरवडले की सूर उतरतो, हे उलटसुलट झाले तर सूर वाया जातो. ज्याला सवय नाही त्याने हे मिरजेतल्या कारागिराकडून करून घ्यावे.

24 ऑगस्ट

पट्टी ठरवण्याचे काम. यावर पूर्ण दिवस घालवला, आणि घालवायलाच हवा होता.

‘इव्हनटाइड’ छापील पुस्तकांत बहुधा काळी 2 मध्ये असते (म्हणजे सा हार्मोनियमच्या सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर). चालीचा सुरुवातीचा स्वर ग, खाली सा, वर ध. म्हणजे सहाच स्वरांच्या पल्ल्यात सगळे गायन. काळी 2 मध्ये वरचा ध तार सप्तकातल्या पांढरी 1 वर जातो, आजारी माणसाचा आवाज तिथे फाटतो. सा पांढरी 1 वर आणला की ध पांढरी 6 वर येतो. तीन पट्ट्या खाली, आणि सगळे गाऊ लागतात.

याच चालीतली हमखास चूक: दुसऱ्या ओळीच्या शेवटी तीव्र मध्यम (चढा म) आहे (म रे ग म॑ प). भजनाची सवय असलेला हात तिथे शुद्ध मध्यम लावतो. ओळ चुकली असे कुणी म्हणत नाही, पण पंचमावर चढतानाची जी ओढ आहे ती जाते आणि गायन सपाट होते. सरावाच्या कागदावर त्या एका स्वराभोवती लाल गोल काढला आहे.

‘अमेझिंग ग्रेस’: शब्द जॉन न्यूटन यांचे, 1779 च्या ‘ऑल्नी हिम्स’मध्ये छापलेले, आजची चाल त्या शब्दांना 1835 मध्ये जोडली गेली. सा रे ग प ध एवढेच स्वर. मध्यम नाही, निषाद नाही. आपल्या कानाला हे भूप रागाचे स्वर, त्यामुळे हे गायन इथे परके वाटत नाही. चाल मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य पंचमापर्यंत. सा पांढरी 4 वर ठेवला.

‘व्हॉट अ फ्रेंड’: जोसेफ स्क्रिव्हन यांनी 1855 मध्ये आजारी आईच्या समाधानासाठी लिहिलेले, चाल चार्ल्स कॉन्व्हर्स यांची 1868 ची. पुस्तकात सा पांढरी 4 वर असतो, मंद्र प ते मध्य ध असा नऊ स्वरांचा पल्ला. सा पांढरी 2 वर आणला.

‘व्हेन आय सर्व्हे’: आयझॅक वॉट्स, 1707. दोन चाली रूढ आहेत. आपण लॉवेल मेसन यांची 1824 ची ‘हॅम्बर्ग’ घेतली, कारण ती सगळी पाच स्वरांच्या आत आहे. ज्याला दोन शब्दांमागे दम लागतो त्यालाही ही चाल पेलते. बारांतले आमच्या मते खाटेजवळ सगळ्यात उपयोगी गायन हेच, जरी चिठ्ठ्यांत ते फार वर नव्हते.

बाराही गायने तीनच पट्ट्यांत बसवली: पांढरी 1, पांढरी 2, पांढरी 4. कारण तबल्याचे. प्रत्येक गायनाला वेगळा सा ठेवला तर दर वेळी तबला चढवा-उतरवा, आणि घरच्या प्रार्थनेत हातोडीची टकटक नको.

27 ऑगस्ट

आज गणेश चतुर्थी. मिरजेत विसर्जनापर्यंत ध्वनिमुद्रण शक्य नाही आणि रस्त्यावरून वाद्ये नेणेही अवघड. 6 सप्टेंबरच्या मिरवणुकीनंतर सुरुवात. तोवर अक्षरजुळणी.

31 ऑगस्ट

जुनी फाइल श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत होती, ती युनिकोडमध्ये नेली. बदलताना काय बिघडते ते पुढच्यांसाठी लिहून ठेवतो. ‘ख’चा ‘रव’ होतो. ‘ख्रिस्त’मधला रकार सुटतो. ‘दुसऱ्या’, ‘तुझ्या’सारख्या शब्दांतले जोडाक्षर तुटते. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते. संगणकाची शब्दतपासणी यांतले निम्मेच पकडते. एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने जुन्या पुस्तकावर बोट ठेवायचे, याला पर्याय नाही.

मुद्रितशोधनातली मोठी जोखीम ही की शुद्धलेखन चांगले असलेला माणूस ‘प्रभु’चे ‘प्रभू’ आणि ‘अजुनि’चे ‘अजुनी’ करतो. गद्यात ते बरोबर, पद्यात मात्रा वाढते आणि चाल अडखळते. पद्यात कवीने लिहिले तसेच ठेवायचे.

तसेच जुन्या शब्दांना हात लावायचा नाही. वयस्कर माणसांनी बायबलमधले तेविसावे स्तोत्र ‘यहोवा माझा मेंढपाळ आहे’ असे पाठ केलेले आहे, तरुणांनी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असे. पुस्तिकेत दोन्ही ओळी दिल्या. विस्मरणाचा आजार झालेल्या माणसाला कालचे जेवण आठवत नसले तरी शब्बाथशाळेत (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) शिकलेले गायन बऱ्याचदा शब्दाला शब्द आठवते, पण ते तेव्हाच्याच शब्दांत. एक शब्द बदलला की धागा सुटतो आणि माणूस गोंधळतो.

टाइप 20 पॉइंट, मुक्ता फॉन्ट, मध्यम जाडीचा. ए-5 पानावर बारा अक्षरांची ओळ आरामात बसते. मोठ्या अभंगाची ओळ (सहा, सहा, सहा, चार अशी बावीस अक्षरे) बसत नाही. ती दुसऱ्या चरणानंतर तोडली: बारा वर, दहा खाली. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी असते, त्यामुळे तोडलेल्या जागी यमक डोळ्याला दिसते आणि गाणाऱ्याला आधार मिळतो.

7 सप्टेंबर

श्वासाच्या खुणा. ‘इव्हनटाइड’ची एक ओळ सोळा मात्रांची. मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत ती सोळा सेकंद चालते, एका दमात निरोगी माणसालाही जड. लय 72 वर ठेवली आणि अर्ध्या ओळीवर श्वास दिला, म्हणजे सुमारे पावणेसात सेकंदांनी एक श्वास. पूर्ण कडवे 64 मात्रांचे, 53 सेकंदांत होते.

अडचण अशी की मूळ इंग्रजी ओळीत अर्धविराम जिथे येतो तिथेच मराठी यती (ओळीतली थांबण्याची जागा) येत नाही. काही कडव्यांत श्वास शब्दाच्या मध्ये पडतो आणि शब्द फुटतो. तिथे खूण एक अक्षर मागे घेतली आणि त्या अक्षराचा स्वर थोडा लांबवला. प्रत्येक कडव्याची खूण वेगळी तपासावी लागली. पहिल्या कडव्याची खूण सगळ्यांना चालत नाही.

‘अमेझिंग ग्रेस’ दादऱ्यात. पहिले अक्षर समेच्या आधी येते. तबलजी पहिल्या अक्षरावर सम धरतो आणि मग अख्खे गायन एक मात्रा सरकलेले राहते. उपाय: दादऱ्याच्या पाच मात्रा मोजायच्या, सहाव्या मात्रेवर पहिले अक्षर, सम दुसऱ्यावर. एक कडवे आठ आवर्तनांचे.

एक प्रयोग करून पाहिला. ‘हॅम्बर्ग’ आठ-आठ अक्षरांच्या ओळींची चाल, आणि लहान अभंगाचे चरणही आठ अक्षरांचे. मोजणी जुळते, म्हणून अभंग त्या चालीत घातला. बसला नाही. अभंगात गाणारा अक्षर हवे तसे ओढतो आणि ऱ्हस्व-दीर्घाचा काच नसतो. ‘हॅम्बर्ग’मध्ये स्वरांची लांबी ठरलेली, त्यामुळे ऱ्हस्व इकार लांब स्वरावर पडून शब्द वेगळाच ऐकू येतो. अभंग अभंगाच्याच चालीत, भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत ठेवला.

14 सप्टेंबर

ध्वनिमुद्रण, पहिला दिवस. देवळाचा (चर्चचा) मोठा हॉल टाळला: आवाज घुमतो, शब्द पुसट होतात आणि पत्र्यावर पाऊस पडला की सगळे वाया. लहान खोली घेतली, खाली सतरंजी, भिंतीला दोन गोधड्या. पंखा बंद.

माइक गाणाऱ्यांपासून हातभर, हार्मोनियमपासून दीड मीटर, आणि तोही पट्ट्यांच्या बाजूने. भात्याच्या बाजूला ठेवला तर वाऱ्याचा फुसफुसाट येतो. वयाबरोबर उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि त्यातच स, श, त यांसारखी व्यंजने असतात. म्हणून साथीला हार्मोनियमचे फक्त नर (मधल्या सप्तकाचे) सूर, वरचे सप्तक बंद, आणि उच्चार मुद्दाम ठसठशीत.

तानपुरा मिरजेचाच. भोपळा मंगळवेढ्याच्या बाजूचा, भीमेकाठचा. जव्हारी (तारेची झणकार) पावसाळी हवेने मंद झाली होती, तारेखालचा धागा सरकवून मोकळी केली. तानपुरा फक्त देशी चालींना आणि ‘अमेझिंग ग्रेस’ला लावला. ‘इव्हनटाइड’ला लावून पाहिला तर तीव्र मध्यमाच्या जागी आणि स्वरसंगती बदलते तिथे सतत वाजणारा सा-प टोचतो. मिरजेत राहून तानपुरा बाजूला ठेवणे जिवावर येते, पण त्या गायनाला तो मानवत नाही.

28 सप्टेंबर

दुसरा दिवस. ‘इट इज वेल’ घेतले. होरेशिओ स्पॅफर्ड यांच्या चार मुली नोव्हेंबर 1873 मध्ये ‘व्हिल द्यू हाव्र’ जहाजाबरोबर बुडाल्या, पत्नी वाचली. त्यानंतर लिहिलेले हे शब्द. फिलिप ब्लिस यांनी 1876 मध्ये चाल दिली आणि चालीला त्या जहाजाचेच नाव ठेवले. ज्या घरात लेकरू गेले आहे तिथे हे गायन मागितले जाते. तिथे ते आपण होऊन सुरू करू नये, मागितले तरच गावे. आपल्याला तेवढा विश्वास अजून जमत नाही असे वाटून आईबाप जास्त खचू शकतात.

ध्रुपदात (प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा येणाऱ्या ओळींत) पुरुष आणि स्त्रिया एकमेकांमागून म्हणतात. घरात पाच माणसे असली तर ते विस्कटते. पुस्तिकेत ध्रुपद एकसुरी दिले, उत्तराचा भाग कंसात.

5 ऑक्टोबर

वॉर्डातल्या गायनाचे नियम लिहून घेतले. मिरजेत ख्रिस्ती वैद्यकीय सेवेची परंपरा जुनी, डॉक्टर वानलेस यांचे रुग्णालय 1894 पासूनचे. त्यामुळे खाटेजवळ गायन ही इथे नवी गोष्ट नाही, पण शिस्त हवीच.

सिस्टरांची परवानगी आधी. गाणारे चारच. हार्मोनियम नाही, टाळ नाही, सुरासाठी मोबाइलवरचा सा एकदा ऐकून घ्यायचा. आवाज बोलण्याइतका. दोन गायने, प्रत्येकी दोन कडवी, दहा मिनिटांत बाहेर. शेजारच्या खाटेवरच्यालाही विचारायचे, तो कोणत्याही धर्माचा असो. नको म्हणाला तर थांबायचे.

उद्या ज्याचे ऑपरेशन आहे त्याच्याजवळ दफनविधीला गातात ते गायन कधीही घेऊ नये. घरच्यांना वाटते की डॉक्टरांनी काही लपवले आहे. ‘अबाइड विथ मी’चे शेवटचे कडवे मरणाच्या क्षणाचे आहे, म्हणून वॉर्डाच्या कार्डावर ते छापलेलेच नाही. पुस्तिकेत आहे. आणि माणूस रडू लागला तर गायन तोडू नये. आवाज कमी करून तेच कडवे पुन्हा घ्यावे. मध्येच थांबले की रडणाऱ्याला आपण अपराध केला असे वाटते.

वॉर्डाची कार्डे वेगळी: एका बाजूला एक गायन, मॅट लॅमिनेशन, म्हणजे पुसता येतात आणि ट्यूबलाइटची चमक डोळ्यांवर येत नाही.

12 ऑक्टोबर

दिवाळीआधी छापखान्यात द्यायचे, नंतर आठवडाभर काम थांबते. पुस्तिका 32 पाने: गायनांची 24 (प्रत्येक गायन समोरासमोरच्या दोन पानांवर, उलटावे लागू नये म्हणून), तेविसाव्या स्तोत्राची 2, अनुक्रमणिका 2, पट्ट्यांचा तक्ता 1, सूचना 1, मोकळी 2 (गेलेल्यांची नावे लिहायला). पाने चाराच्या पटीत नसतील तर मधली पिन बसत नाही. ए-4 चे आठ कागद दुमडून एक पुस्तिका. 150 प्रतींना 1200 कागद, खराबा धरून तीन रीम. कागद 90 जीएसएम, किंचित पिवळसर. 70 चा घेतला तर जाड टाइप मागून दिसतो.

नमुना प्रतीत एक चूक सापडली: पाने लावताना सहावे गायन पान 13 वर सुरू झाले आणि पान 14 वर गेले, म्हणजे उलटावे लागते. अनुक्रमणिका एका पानाने पुढे ढकलून सुधारले. गायन नेहमी डाव्या, सम क्रमांकाच्या पानावर सुरू व्हायला हवे.

2 नोव्हेंबर

दफनभूमीत संध्याकाळची प्रार्थना. वाऱ्याने मेणबत्त्या विझतात तशी पानेही उडतात. प्रत्येक प्रतीला कपड्याचा चिमटा दिला होता, तो उपयोगी पडला. उघड्यावर हार्मोनियमचा आवाज विरतो आणि मागे उभे असलेले अर्धी मात्रा मागे राहतात. म्हणून गाणारे चौघे एका जागी न ठेवता कबरींमध्ये चार ठिकाणी उभे केले, प्रत्येकाभोवती दहा-पंधरा माणसे. ‘इव्हनटाइड’ची लय इथे 72 वरून आपसूक 64 वर आली. ती तशीच राहू दिली, श्वासाच्या खुणा त्या लयीतही पुरल्या. अंधार पडल्यावर 20 पॉइंटही कमी पडला, मोबाइलच्या उजेडात पिवळसर कागद मात्र चांगला वाचता आला.

9 नोव्हेंबर

दुसऱ्या छपाईसाठी दुरुस्त्या: पान 10, तिसरे कडवे, श्वासाची खूण एक अक्षर मागे. पान 17, ‘ख्र’ अजून तुटलेला. पट्ट्यांच्या तक्त्यात ‘व्हॉट अ फ्रेंड’समोर पांढरी 4 पडले आहे, ते पांढरी 2 करायचे. नावांसाठी ठेवलेली दोन पाने बऱ्याच घरांत पहिल्याच आठवड्यात भरली, तेव्हा पुढच्या खेपेला चार मोकळी पाने. त्यासाठी एक कागद वाढेल आणि पुस्तिका 36 पानांची होईल, म्हणून उरलेल्या दोन पानांत तेरावे गायन. चिठ्ठ्या पुन्हा वाटायच्या.